वाद्यवृंद घडविणारा शिक्षक

पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र यांच्या चित्रपटगीतांतून पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा नाद नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत पोचला. परंतु अशा वृंदात बसून वाजविणाऱ्यांची नावे श्रोत्यांना क्वचितच ठाऊक असतात. या व्यवसायात अनामिकत्व अटळच असते. मुंबईचे व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी तो हयातभर केला. आज त्यांचे नाव निघते ते बहुधा वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहता यांचे वडील म्हणून. ही ओळख खोटी नाही. अपुरी मात्र निश्चित आहे.

मेहता यांचा जन्म १९०८ साली पारशी कुटुंबात झाला. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. वाद्यवृंद एकट्याच्या प्रतिभेवर चालत नाही. एका विभागातील सर्व वादकांचे गज एकाच क्षणी, एकाच दिशेने फिरावे लागतात; त्यासाठी वर्षानुवर्षांची तालीम आणि वादकाला पोटाची निश्चिंती देणारी संस्था लागते. यातील तालीम मेहतांच्या हाती होती, संस्था नव्हती.

आपल्या वादनातील उणिवांची त्यांना जाणीव होती. म्हणून १९४५ मध्ये, नाव झालेले असतानाही, पत्नी व दोन मुलांना मागे ठेवून ते न्यूयॉर्कला इव्हान गॅलेमियन यांचे शिष्यत्व पत्करण्यास गेले. सुमारे चार वर्षांनी ते मायदेशी परतले. तथापि केवळ वाद्यवृंदावर निर्वाह व्हावा, अशी स्थिती मुंबईत नव्हती. अखेर १९५५ मध्ये मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात, जॉन बार्बिरोली यांच्या हाताखाली, त्यांनी नोकरी धरली. ज्याने स्वतः वाद्यवृंद उभारला, त्याने सत्तेचाळिशीच्या सुमारास परक्या देशातील वृंदात जागा घेतली, यात कमीपणा मानला नाही.

१९५९ मध्ये ते फिलाडेल्फियाच्या कर्टिस चतुष्टकात दाखल झाले. १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला विद्यापीठात अध्यापन करीत असतानाच त्यांनी तरुण वादकांसाठी अमेरिकन यूथ सिंफनी स्थापन केली आणि १९९८ पर्यंत, वयाची नव्वदी येईतो, ती चालविली. तेथे शिकलेले वादक पुढे व्यावसायिक वृंदांत गेले. मुंबईत जे साधले नाही, ते त्यांनी परक्या मुलांच्या हातून साधून घेतले. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले.

सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद मुंबईत उभा राहिला तो २००६ मध्ये, म्हणजे मेहतांच्या पहिल्या प्रयत्नानंतर एकाहत्तर वर्षांनी. उलट, त्यांनी अमेरिकेत लावलेले रोपही आर्थिक अडचणींमुळे २०२४ मध्ये सुकले. श्रीमंत देशातही संस्था आपोआप टिकत नाहीत, हाच याचा अर्थ. शिक्षक आपल्या परीने पिढी घडवितो. त्याच्यामागे संस्था जिवंत ठेवण्याचे कर्तव्य मात्र समाजाचे असते. ते आपण पार पाडले नाही, तर गुणवंत परदेशी गेल्याची खंत करण्याचा अधिकारही आपल्याला उरत नाही.