पेंटर हे आडनाव नव्हे!

आपटा स्टेशन आपल्या हॉस्टेलमधल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. फक्त ते आपटा आहे हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, एवढंच. १९९५ सालच्या 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'चा शेवट आठवा. गाडी सुटलेली, दारात शाहरुख, प्लॅटफॉर्मवर काजोल आणि तिचा हात धरून उभे अमरीश पुरी. सिनेमात ते पंजाब आहे, पण प्रत्यक्षात ते आपल्या पनवेल तालुक्यातलं आपटा! १९६६ मध्ये पनवेलहून रेल्वे इथपर्यंत आली, आणि पुढे वीस वर्षं, म्हणजे १९८६ ला रोह्यापर्यंत रूळ जाईतो, ती इथेच थांबत होती. पलीकडे पाताळगंगा, आजूबाजूला डोंगर, गर्दी नाही. शूटिंगवाल्यांना आणखी काय हवं?

तर झालं असं की फेस्टसाठी आमच्या ग्रुपने एका स्पर्धेत नाव दिलं. विषय होता, एखाद्या गोष्टीतला निर्णायक क्षण घ्या आणि त्याचं हलतं पोस्टर बनवा. अट अशी की रंग तीनच, आकार कमीत कमी आणि सगळं दहा सेकंदांत फिरून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं पाहिजे. आम्ही अर्थात आपटा स्टेशनचा सीन घेतला. पहिल्या रात्री आम्ही त्यात गाडी घातली, धूर घातला (डिझेल इंजिनाला एवढा धूर कशाला, हे मेकॅनिकलच्या मित्राने दुसऱ्या दिवशी विचारलं), मोहरीचं शेत घातलं, कबुतर घातलं, आणि शाहरुखच्या जॅकेटला झिपसुद्धा घातली. पोस्टर कमी आणि जत्रा जास्त! ड्रॉइंग शिकवणारे आमचे एक सर ते बघून हसले आणि म्हणाले की आधी बाबूराव पेंटर कोण ते वाचून या, मग माऊसला हात लावा.

खरं सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. मला 'पेंटर' हे पारशी लोकांसारखं आडनाव वाटलं. काँट्रॅक्टर, इंजिनिअर, तसे पेंटर! लायब्ररीत बसले तेव्हा कळलं की आडनाव मेस्त्री. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म ३ जून १८९०, कोल्हापूर. पेंटर हा धंदा होता आणि तो इतका गाजला की आडनाव त्याच्याखाली झाकून गेलं.

घरात कारागिरी होती. चित्रकलेच्या कॉलेजात जाऊन शिकण्याचा प्रश्नच नव्हता, ते चित्रं आणि शिल्पं करता करता स्वतःच शिकले. सोबत होते नात्यातले भाऊ आनंदराव. त्या काळात संगीत नाटकांना रंगवलेले पडदे लागत. राजवाडा, जंगल, रस्ता, सगळं कापडावर. १९१० ते १९१६ या काळात या दोन भावांचे पडदे पश्चिम भारतात नावाजले गेले. मराठी नाटक मंडळ्या बोलवायच्या, गुजराती-पारशी कंपन्याही बोलवायच्या. म्हणजे धंदा उत्तम चालला होता. आपल्या भाषेत, प्लेसमेंट झालेली होती.

मग १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघांच्या डोक्यात हलत्या चित्राने घर केलं. जे आपण कापडावर थांबवून ठेवतो ते चालू लागतं! (फाळक्यांनी तर १९१५ च्या सुमारास नुसत्या आगकाड्या एकेक फ्रेम सरकवत 'आगकाड्यांची मौज' केली होती. काड्याच पात्रं. आमच्या स्पर्धेत ते आले असते तर आम्ही घरीच गेलो असतो.) दोघा भावांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर विकत आणला. त्यावर ते सिनेमे दाखवू लागले आणि दाखवता दाखवता यंत्र समजून घेऊ लागले.

इथे थिअरी ऑफ मशिन्सवाल्यांनी जरा कान द्या. सिनेमाच्या यंत्रात फिल्म सतत सरकून चालत नाही, नाहीतर पडद्यावर नुसतं फरफटलेलं दिसेल. ती एक फ्रेम पुढे जायला हवी, क्षणभर थांबायला हवी, तेवढ्यात प्रकाश पडायला हवा आणि झडप बंद असताना पुन्हा पुढे जायला हवी. एका सेकंदात सोळाच्या आसपास वेळा, आणि तेही हाताने हँडल फिरवून! त्या काळच्या बहुतेक प्रोजेक्टरांत हे काम जिनिव्हा व्हील करायचं. होय, तेच जिनिव्हा मेकॅनिझम, जे आपण वायव्हाच्या आदल्या रात्री पाठ करतो. कॅमेऱ्यात त्याऐवजी एक नख असतं, ते फिल्मच्या भोकांत अडकून तिला खाली ओढतं. भोक आणि नख यांत जरा जरी फरक पडला तर चित्र थरथरतं. आता हे सगळं कोल्हापुरात, कुठलंही ड्रॉइंग हातात नसताना, पडदे रंगवणाऱ्या माणसांनी बनवायचं.

आनंदराव कॅमेरा जुळवत होते. तो पुरा व्हायच्या आतच, १९१६ मध्ये, ते अकाली गेले.

मला वाटतं इथे दुसरा कुणीही थांबला असता. पडद्यांचा धंदा होताच. पण बाबूरावांनी आपला शिष्य विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन ते अर्धं राहिलेलं यंत्र पुढे नेलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू केला. कोल्हापुरात घडवलेला कॅमेरा! याच सुमारास 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' उभी राहिली. भांडवल कुणी दिलं? तानीबाई कागलकर या गायिकेने. ज्या काळात बायकांनी सिनेमा पाहायला जायचं की नाही यावर वाद होता, त्या काळात एका गाणाऱ्या बाईने सिनेमा कंपनीत पैसे घातले. आपल्या आंत्रप्रेन्युअरशिप सेलने तिचा फोटो लावायला हरकत नाही.

पहिला चित्रपट 'सैरंध्री', ७ फेब्रुवारी १९२० ला पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात स्त्रियांची कामं पुरुषांनी केली होती. बाबूरावांनी मात्र गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना घेतलं, पडद्यावरची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी. या दोघींना त्यांच्याच समाजाने इतकं दूर केलं की त्यांना स्टुडिओच्या आवारातच राहावं लागलं. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली ती याच चित्रपटासाठी. पण ज्या दृश्याची सगळीकडे चर्चा झाली, ते म्हणजे भीमाने केलेला कीचकवध, ते इतकं भयंकर वठलं होतं की आरडाओरड झाली आणि शेवटी ते कापावं लागलं. कथेतला निर्णायक क्षण होता तो. त्यांनी तो सगळाच्या सगळा दाखवला आणि नेमका तोच गेला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नंतर १९२३ ला 'सिंहगड' आला, हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरून. त्यात बाबूरावांनी विजेचा कृत्रिम प्रकाश वापरला. तोपर्यंत आपल्याकडे शूटिंग म्हणजे सूर्य असेपर्यंतच. 'सिंहगड'ला एवढी गर्दी लोटली की त्यातूनच सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली असं सांगतात. आणखी एक गोष्ट त्यांनी केली, मला ती फार आवडते. जो माणूस पडदे रंगवून मोठा झाला, त्यानेच सिनेमातून रंगवलेले पडदे काढून टाकले आणि खरीखुरी घरं, खोल्या, वाडे उभे केले. स्वतःचंच कौशल्य बाजूला ठेवणं सोपं नसतं. आम्हाला तर ती झिप काढवत नव्हती!

आता पोस्टर. त्या आधी सिनेमाची जाहिरात म्हणजे वर्तमानपत्रातला मजकूर आणि हँडबिलं, नुसती अक्षरं. बाबूरावांनी १९२१-२२ च्या सुमारास चित्रपटाची माहिती आणि फोटो असलेल्या पुस्तिका काढल्या आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतःच्या हाताने रंगवली. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं त्यांचं पोस्टर हे आज शिल्लक असलेल्या भारतीय चित्र-पोस्टरांत सगळ्यात जुन्यांपैकी मानलं जातं. (कल्याण! आपल्यापासून लोकलच्या अंतरावर. माणूस कोल्हापूरचा, पण फिरून फिरून आपल्याच भागात येतो.) आजच्या अर्थाने ते 'मिनिमल' मुळीच नव्हे. पण अख्ख्या गोष्टीतून एकच जागा निवडायची आणि रस्त्याने जाणाऱ्या माणसाला तिथे थांबवायचं, हे काम आपल्याकडे त्यांनी सुरू केलं. शूटिंगच्या आधीसुद्धा ते पात्रं, कपडे, हालचाली यांची स्केचेस काढून ठेवत. आपण ज्याला स्टोरीबोर्ड म्हणून मिरवतो, तेच ना हे?

मग १९२५ चा 'सावकारी पाश'. याची कथा नारायण हरि आपटे यांची. 'सिंहगड'वाले हरि नारायण, हे नारायण हरि. मी दोघांना एकच समजून वहीत अर्धं पान लिहिलं होतं. आपट्यावरून सुरुवात करून दोन दोन आपट्यांमध्ये आपटले! असो. कथा अशी की सावकाराच्या कचाट्यात सापडून एका शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो शहरात येऊन गिरणीत कामगार होतो. तो तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. देव नाहीत, राजे नाहीत, तलवारी नाहीत. १९२५ मध्ये!

या मूकपटाची प्रत आज पाहायला मिळत नाही. पण या कथेतलं एक दृश्य ज्यांनी पाहिलं त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. जे. बी. एच. वाडिया स्वतः मोठे निर्माते झाले, त्यांनी पुढे कित्येक वर्षांनी त्याची आठवण नोंदवून ठेवली. एक उदास झोपडी, जवळजवळ अंधार, आणि भुंकणारं-रडणारं एक कुत्रं. बस्स. लक्षात घ्या, ही आठवण याच कथेच्या पुढे आलेल्या बोलपटाची आहे.   ज्या माणसाने एकेकाळी कीचकाचा वध सगळाच्या सगळा दाखवला होता, त्याने इथे घर उद्ध्वस्त होणं दाखवायला एक झोपडी आणि एक कुत्रं पुरेसं मानलं. 'सैरंध्री'च्या कात्रीतून ते हे शिकले की वयाने आपोआप आलं, हे सांगता येणार नाही. मला आपलं कात्रीचं कारण पटतं.

चित्रपट चालला मात्र नाही. पुराणकथा आणि इतिहास बघायची सवय झालेल्या लोकांना एवढं खरं नको होतं. बाबूराव पुन्हा पौराणिक-ऐतिहासिक विषयांकडे वळले. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम कंपनी सोडून गेले आणि त्यांनी 'प्रभात' काढली. दामले म्हणजे तेच, ज्यांच्यासोबत कॅमेरा पुरा केला होता. 'प्रभात' १९३३ मध्ये पुण्याला गेली, 'संत तुकाराम' थेट व्हेनिसला पोचला, आणि ज्या जागेत त्यांचा स्टुडिओ होता तिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. इकडे महाराष्ट्र फिल्म कंपनी काही वर्षांत बंद पडली. शिष्य गुरूच्या पुढे गेले तर आनंदच, असं म्हणायची पद्धत आहे. पण सगळे एकदम उठून गेले त्या संध्याकाळी रिकाम्या स्टुडिओत त्यांना काय वाटलं असेल, हे मी दोन-तीन दिवस मेसमध्ये जेवताना विचार करत होते.

बोलपट आल्यावर त्यांनी इतरांसाठी थोडे चित्रपट केले. १९३५ ला 'उषा', १९३७ ला 'प्रतिभा', आणि मधे १९३६ ला 'सावकारी पाश' पुन्हा, आता आवाजासह. एकदा न चाललेली गोष्ट अकरा वर्षांनी परत करायला घ्यायची, म्हणजे ती मनातून गेलेली नव्हती. १९४७ च्या 'लोकशाहीर राम जोशी'वर त्यांनी काम केलं, तो चित्रपट शांतारामबापूंच्या 'राजकमल'चा. गुरू-शिष्य पुन्हा एकत्र आले, पण आता कंपनी शिष्याची होती. बाकी वेळ चित्रं आणि शिल्पं. १६ जानेवारी १९५४ ला कोल्हापुरात ते गेले. त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज नाहीत.

हे सगळं वाचून मी रूमवर आले आणि आम्ही सीन पुन्हा लावला. या वेळी आवाज बंद करून. चार वेळा बघितल्यावर आमच्यातल्या एकीच्या लक्षात आलं की आपण चुकीचा हात काढतोय. सगळे जण गाडीतून पुढे आलेला शाहरुखचा हात काढतात. पण गोष्ट तिथे वळतच नाही. तो हात कधीपासून तसाच पुढे आहे. गोष्ट वळते ती बापाने मूठ सोडली तेव्हा.

मग धूर गेला, शेत गेलं, कबुतर गेलं. झिपही गेली (मी स्वतः डिलीट केली). राहिली एक आडवी रेघ, ती प्लॅटफॉर्म. मागे सरकणारे लाल चौकोन, ती गाडी. आणि मधे एक काळी मूठ आणि तिच्यात एक मनगट. दहा सेकंदांतले नऊ सेकंद काही होत नाही. दहाव्या सेकंदाला बोटं उघडतात.

नंबर आला नाही. पहिलं बक्षीस शोलेच्या नाण्याला मिळालं, आणि ते खरंच चांगलं होतं. आमचं पोस्टर लेडीज हॉस्टेलच्या कॉमन रूममधल्या कॉम्प्युटरवर स्क्रीनसेव्हर म्हणून लावलंय. परवा रात्री पाणी भरायला खाली आले, तर एक फर्स्ट इयरची मुलगी बाटली तशीच हातात धरून त्याच्यासमोर उभी होती. तिसऱ्यांदा मूठ उघडली तेव्हा तिने विचारलं, "ताई, हे आपटा स्टेशन ना?"