सिसिली विल्यम्स

सिसिली डेल्फीन विल्यम्स (२ डिसेंबर, १८९३ – १३ जुलै, १९९२) या जमैकात जन्मलेल्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ होत्या. क्वाशिओरकोर हा बालकुपोषणाचा प्रकार वैद्यकशास्त्राच्या नजरेस आणून देणे आणि डबाबंद दुधाच्या फसव्या प्रचाराला उघड विरोध करणे, या दोन गोष्टींसाठी त्या ओळखल्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माता-बाल आरोग्य विभागाच्या त्या पहिल्या प्रमुख होत.

पूर्वायुष्य

विल्यम्स यांचे वडील जमैकाच्या शिक्षण खात्याचे संचालक होते. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले. पहिल्या महायुद्धाच्या काळात पुरुष विद्यार्थी आघाडीवर गेल्याने वैद्यकीय शिक्षणाची दारे स्त्रियांसाठी काहीशी उघडली होती. त्याच सुमारास त्यांनी ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल महाविद्यालयात प्रवेश घेतला व १९२३ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. युद्ध संपल्यावर स्त्री-डॉक्टरांना नोकऱ्या मिळणे पुन्हा अवघड झाले होते. लंडनमध्ये काही वर्षे काम केल्यानंतर १९२९ मध्ये त्या ब्रिटिश वसाहतींच्या वैद्यकीय सेवेतून गोल्ड कोस्ट (आजचा घाना) येथे रुजू झाल्या.

क्वाशिओरकोर

आक्रा येथील बालरुग्णालयात त्यांना एक ते चार वर्षे वयाची अशी मुले वारंवार दिसू लागली, ज्यांचे हातपाय सुजलेले, त्वचा काळवंडून सोललेली आणि स्वभाव कमालीचा किरकिरा झालेला असे. यांपैकी बहुतेक मुले दगावत. विल्यम्स यांनी स्वतः शवविच्छेदने केली. परंतु निर्णायक माहिती त्यांना मुलांच्या आयांकडून मिळाली. तेथील गा भाषेत या आजाराला क्वाशिओरकोर म्हणत. पाठचे भावंड जन्मल्यावर मोठ्या मुलाला जडणारा आजार, असा त्याचा आशय आहे. धाकट्याच्या जन्मानंतर थोरल्याचे अंगावरचे दूध तुटे आणि त्याला जवळजवळ केवळ मक्याच्या पेजेवर राहावे लागे. रोगाचे कारण लोकांच्या शब्दातच दडलेले होते, ते ऐकून घेणारा डॉक्टर तेवढा हवा होता.

१९३३ मध्ये त्यांनी या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि मक्याच्या आहारात प्रथिनांची उणीव असावी, अशी शक्यता मांडली. ह्यू स्टॅनस या तज्ज्ञाने हा आजार म्हणजे पेलाग्राच असल्याचा दावा केला. त्याला उत्तर म्हणून १९३५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लिहिताना त्यांनी स्थानिक नावच शीर्षकात वापरले. तरीही हा वाद पुढे बराच काळ चालू राहिला. वरिष्ठांशी मतभेद झाल्यानंतर १९३६ मध्ये त्यांची मलायात बदली करण्यात आली.

मलाया व सिंगापूर

येथे समस्या वेगळी होती. परिचारिकेसारखा पोशाख केलेल्या विक्रेत्या स्त्रिया बाळंतिणींना गाठून गोड कंडेन्स्ड मिल्क हेच बाळासाठी उत्तम असल्याचे सांगत. एकदा वरचे दूध सुरू झाले की आईचे दूध आटे; मग परवडत नसल्याने डबा पुरवून पुरवून, पाणी घालून वापरला जाई. त्यातच अस्वच्छ पाणी व बाटलीमुळे अतिसार होई. १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबमध्ये त्यांनी ‘मिल्क अँड मर्डर’ या शीर्षकाचे भाषण केले आणि अशा चुकीच्या प्रचारातून होणाऱ्या बालमृत्यूंना खुनाची उपमा दिली. प्रतिष्ठित व्यापाऱ्यांसमोर एका सरकारी नोकराने असे बोलणे त्या काळी धाडसाचेच होते.

जपानी आक्रमणानंतर १९४२ ते १९४५ त्या चांगी येथे कैदेत होत्या. त्यांतील काही महिने त्या जपानी लष्करी पोलिसांच्या कोठडीत होत्या. उपासमारीमुळे त्यांना बेरीबेरी झाला. त्यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, छावणीत जन्मलेली वीसही बाळे आईच्या दुधावर वाढली आणि वीसही जगली.

आंतरराष्ट्रीय कार्य

१९४८ मध्ये त्या जागतिक आरोग्य संघटनेत गेल्या व पुढे संघटनेच्या आग्नेय आशिया विभागासाठीही त्यांनी काम केले. या विभागाचे मुख्यालय नवी दिल्लीत आहे. १९५२ मध्ये ब्रॉक व ऑत्रे यांचा आफ्रिकेतील क्वाशिओरकोरविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि विल्यम्स यांच्या निरीक्षणांना अधिकृत मान्यता मिळाली.

मात्र या मान्यतेला एक विचित्र वळण लागले. प्रथिनांची कमतरता हीच जगाची मुख्य आहारसमस्या मानली जाऊन दूधभुकटीचे वाटप आणि प्रथिनयुक्त कृत्रिम खाद्ये यांवर धोरणांचा भर राहिला. हैदराबादचे सी. गोपालन यांना क्वाशिओरकोर आणि सुकटी (मरॅस्मस) झालेल्या मुलांच्या आहारात ठळक फरक आढळला नाही. मूळचे सातारा जिल्ह्यातील संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आहारविषयक आकडेवारीच्या आधारे दाखवले, की भारतात बहुतेक ठिकाणी प्रथिनांआधी एकूण अन्नच अपुरे पडते. विल्यम्स स्वतः कोणत्याही एका घटकाच्या मागे लागल्या नाहीत. आईला भेटणे, घर पाहणे, उपचार व प्रतिबंध एकाच ठिकाणी करणे यांवर त्यांचा भर होता. डेरिक जेलिफ यांच्यासह त्यांनी माता-बाल आरोग्यसेवेवर ग्रंथही लिहिला. १९५९ ते १९६४ या काळात त्यांनी बेरूतच्या अमेरिकन विद्यापीठात अध्यापन केले.

मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विक्री-प्रचाराविषयी आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. विरोधात एकच मत पडले, ते अमेरिकेचे. सिंगापूरच्या भाषणाला तेव्हा ४२ वर्षे झाली होती. विल्यम्स यांचे १९९२ मध्ये ऑक्सफर्ड येथे वयाच्या ९८व्या वर्षी निधन झाले. त्याच वर्षअखेरीस भारताच्या संसदेने बाळांसाठीचे पर्यायी दूध व दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातीवर बंदी घालणारा कायदा संमत केला. तो १ ऑगस्ट, १९९३ पासून अमलात आला.