आल्फ्रेड सिसले

आल्फ्रेड सिसले (३० ऑक्टोबर १८३९ – २९ जानेवारी १८९९) हे दृक्प्रत्ययवादी संप्रदायातील निसर्गचित्रकार होते. त्यांचा जन्म पॅरिसमध्ये इंग्रज आईवडिलांच्या पोटी झाला. आयुष्याचा बहुतेक काळ फ्रान्समध्ये जाऊनही ते अखेरपर्यंत ब्रिटिश नागरिकच राहिले.

== जीवन ==
व्यापाराच्या शिक्षणासाठी त्यांना १८५७ साली लंडनला पाठवण्यात आले. परंतु त्यांचा ओढा चित्रकलेकडे होता. पॅरिसला परतल्यावर ग्लेर यांच्या चित्रशाळेत मोने, रन्वार व बाझिल हे त्यांचे सहाध्यायी होते. हे तरुण चित्रकार पुढे उघड्यावर, प्रत्यक्ष निसर्गासमोर बसून चित्रे काढू लागले. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात वडिलांचा व्यवसाय बुडाला आणि तोवर छंदासारखी जोपासलेली कला सिसले यांच्या उपजीविकेचे एकमेव साधन बनली. १८७४ च्या पहिल्या दृक्प्रत्ययवादी प्रदर्शनात त्यांचा सहभाग होता.

== चित्रशैली ==
सिसले यांच्या चित्रांत आकाशाला विशेष महत्त्व आहे. ते केवळ पार्श्वभूमी नसून त्याच्या प्रकाशावरच संपूर्ण चित्राची भाववृत्ती ठरते. मार्च १८७६ मध्ये सीन नदीला पूर आला असता त्यांनी पोर-मार्ली गावाची चित्रमालिका रंगवली. तिच्यातील एका प्रसिद्ध चित्रात मद्यविक्रेत्याचे घर पाण्याने वेढलेले असून समोर होड्या आहेत. विषय आपत्तीचा असला, तरी त्यात आकांत नाही. वर फिरणारे ढग आणि खाली संथ पाण्यात तुटक फटकाऱ्यांनी उमटलेले प्रतिबिंब यांमुळे पावसानंतरची विलक्षण शांतता जाणवते. हिमचित्रांतही त्यांनी केवळ पांढरा रंग न वापरता निळ्या व करड्या छटांतून थंडीचा प्रत्यय दिला. १८९३-९४ मध्ये मोरे येथील चर्च त्यांनी निरनिराळ्या प्रहरी व हवामानांत वारंवार चितारले.

== अखेरचा काळ ==
मोने व रन्वार यांना उतारवयात कीर्ती व स्थैर्य लाभले. सिसले यांची आर्थिक विवंचना मात्र कधीच संपली नाही. ऑक्टोबर १८९८ मध्ये पत्नी यूजेनी यांचे निधन झाले आणि त्यानंतर काही महिन्यांतच घशाच्या कर्करोगाने मोरे येथे सिसले यांचाही मृत्यू झाला. त्यांच्या मुलांच्या साहाय्यासाठी मोने यांनी पुढाकार घेऊन चित्रांची विक्री घडवून आणली. १९०० साली पुराचे वरील चित्र लिलावात ४३,००० फ्रँकला विकले गेले. आता ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे.