उंबऱ्याच्या आत

पुण्यातल्या सामान्य माणसाच्या माजघरापर्यंत आधुनिक आरोग्यव्यवस्था पोहोचली ती १८९७ च्या प्लेगात, आणि पोहोचली ती गोऱ्या शिपायांच्या बुटांनिशी, असे म्हणायला हरकत नाही. घरे तपासली गेली, देवघरे बाटली, रोग्यांना उचलून नेण्यात आले. त्यामागचे शास्त्र अगदीच खोटे नव्हते. पण ते ज्या दारातून आणि ज्या हातांनी आत आले, त्यामुळे लोक रोगाइतकेच उपचाराला भ्याले. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, ही पुढची हकिगत सर्वांना ठाऊक आहे.

त्याच शहरात बारा वर्षांनी एका बाईंनी हेच काम दुसऱ्या वाटेने करायला घेतले. रमाबाई रानडे यांचे नाव आपण पतीच्या नावाला जोडून घेतो आणि पुढे जातो. सेवासदनचे नावही घेतो. पण सेवासदनने परिचारिका घडवल्या, ही गोष्ट त्या मानाने दुर्लक्षितच राहिली.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा, देवराष्ट्रे गावचा. माहेरच्या त्या कुर्लेकर. १८७३ साली ११ व्या वर्षी त्या ३१ वर्षांच्या माधवरावांची दुसरेपणाची बायको म्हणून रानड्यांच्या घरात आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. रात्री नवरा शिकवणार आणि दिवसा घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्या शिकण्याचे उट्टे काढणार, अशा कात्रीत त्यांची वर्षे गेली. त्यांनी उलट उत्तर दिले नाही आणि पुस्तकही सोडले नाही. सोवळ्यातल्या घराचे मन कशाने दुखावते आणि कुठे ते नकळत सैल पडते, याचे ज्ञान त्यांना तिथे मिळाले. कुठल्याही विलायती ग्रंथात ते मिळाले नसते.

पंचहौद मिशनमधल्या चहाचे प्रकरण १८९० चे. त्यापायी पुढे माधवरावांनी प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचे बोल ऐकले. रानड्यांची ही तडजोड मला तरुणपणी भ्याडपणाची वाटे. आता इतक्या खात्रीने सांगता येत नाही.

१९०१ साली माधवराव गेले. वयाच्या ३९ व्या वर्षी वैधव्य आलेल्या रमाबाई पुण्यात परतल्या आणि १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने त्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. ससून रुग्णालय तेव्हा चाळीस वर्षांचे जुने झाले होते. इमारत होती, डॉक्टर होते, औषधे होती. अडत होते ते दुसरीकडेच. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत सुईण आणि शेगडी यांच्याशिवाय कुणाला प्रवेश नसे. परपुरुषाने नाडी पाहायची नाही. परिचारिका म्हणजे बहुतेक ख्रिस्ती किंवा अँग्लो-इंडियन, म्हणून तिच्या हातचे पाणी नको. आणि आपल्यातल्या बाईने रक्तामांसाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, परक्या पुरुषाचे अंग पुसायचे, म्हणजे तर अब्रूच गेली.

रमाबाईंनी या कामासाठी हाक दिली ती विधवांना आणि नवऱ्याने टाकलेल्यांना. ज्यांचे तोंड सकाळी पाहू नये असे घर म्हणत होते, त्यांनाच जन्ममृत्यूच्या उशाशी बसवायचे, असा हा बेत होता. केस वाढवा, सोवळे सोडा, पुनर्विवाह करा, असली अट त्यांनी शिकायला येणाऱ्या बाईपुढे ठेवली नाही. घरोघर जाऊन वडीलधाऱ्यांची समजूत घालावी लागे. परिचर्या शिकणाऱ्या उमेदवारांसाठी वेगळे वसतिगृह काढले गेले. घरच्यांना धीर देणारी खरी गोष्ट ती होती, असे मला वाटते. मुलगी रात्रपाळी संपवून कुठे परतते, तिथे तिच्यावर कुणाची नजर असते, या प्रश्नांचे उत्तर कुठल्याही उपकरणात नसते.

सेवासदनच्या एका बक्षीस समारंभात केशवपन केलेली, आलवणातली तरुण विधवा व्यासपीठावर आली, तेव्हा जमलेल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. शिकलेल्या मुलांनी! रमाबाई उठल्या आणि त्यांनी त्या शिकलेल्यांनाच सुनावले. सोवळ्यांची समजूत काढणाऱ्या या बाईंनी तिथे मात्र कुणाची समजूत काढली नाही.

या मार्गाची किंमतही होती. रूढीला न दुखावता काम केले म्हणजे रूढी थोडी टिकतेच. परिचारिका झाली तरी बाई विधवाच राहिली, आणि सेवा हा विधवेचाच धर्म, ही समजूत आणखी पक्की झाली. रघुनाथराव कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते कुणाची भीडभाड न ठेवता. खटले झाले, दंड भरले. त्यांचा सडेतोडपणा मला अधिक आवडतो. पण वाड्यातली बाळंतीण वाट पाहत होती ती उंबऱ्याच्या आत येऊ शकणाऱ्या बाईची. २००५ नंतर गावोगाव आशाताई नेमल्या त्या त्याच गावातल्या, हा योगायोग नव्हे.

रमाबाई १९२४ साली गेल्या. तोवर सेवासदनात शिकणाऱ्यांची संख्या हजाराच्या वर गेली होती आणि परिचारिकांचे वसतिगृह भरलेले होते.