मुंबईची क्वीनी, हॉलिवूडची मर्ल

घरी बसून हॉलिवूडचा सिनेमा बघायचा म्हटलं की आमच्या राहुरीतल्या बायका दोन गोष्टींना बिचकतात. एक तर सगळी मारधाड असणार आणि दुसरं म्हणजे घरातल्यांसमोर बघता येणार नाही. यावर माझा तोडगा सोपा आहे. भाराभर नावं जमवू नका, एखादी जुनी नटी धरा आणि तिचे सिनेमे एकेक करून लावा. मी धरली ती मर्ल ओबेरॉन. रडवणारे, हसवणारे, दचकवणारे असे सगळ्या तऱ्हांचे सिनेमे तिने केले, आणि सासूबाईंना शेजारी बसवून बघावेत असे. शिवाय ती आपल्या मुंबईची. पण ही शेवटची गोष्ट तिने जन्मभर लपवून ठेवली.

मर्लचा जन्म १९ फेब्रुवारी १९११ चा, मुंबईतला. घरात सगळे तिला क्वीनी म्हणत. वडील ब्रिटिश, रेल्वेत इंजिनिअर. ती लहान असतानाच ते पहिल्या महायुद्धात गेले. तिला वाढवलं शार्लट सेल्बी या बाईने. शार्लट मूळची सिलोनची, मिश्र वंशाची, रंगाने सावळी. मर्ल तिलाच आई म्हणायची. प्रत्यक्षात ती होती आजी. मर्लची खरी आई म्हणजे शार्लटची मुलगी कॉन्स्टन्स, बाळंतपणाच्या वेळी जेमतेम बारा-चौदा वर्षांची पोर! लोकलाजेसाठी तिला मर्लची बहीण म्हणून दाखवलं गेलं. म्हणजे लपवाछपवी या मुलीच्या पाळण्यापासूनच सुरू झाली होती.

पुढे मायलेकी कलकत्त्याला गेल्या. तिथल्या नावाजलेल्या शाळेत मिश्र वंशाची म्हणून इतर मुली तिला टोचून बोलत. मर्लने शाळा सोडली, टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली आणि १९२८-२९ च्या सुमारास शार्लटसह युरोप गाठलं. लंडनमध्ये गर्दीतल्या फुटकळ भूमिका करता करता निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांची नजर तिच्यावर पडली. १९३३ मध्ये त्यांनी तिला आठव्या हेन्री राजाच्या सिनेमात राणी अ‍ॅन बोलीन केलं. काम छोटंसं, पण लोकांच्या लक्षात राहिलं.

आता अशा नटीचा जन्म मुंबईचा सांगून कसं चालेल? मग गोष्ट रचली गेली. मर्ल ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर गोऱ्या घराण्यात जन्मली, असं जाहीर झालं. आणि शार्लट? घरी पाहुणे आले की ती मोलकरीण म्हणून चहा घेऊन यायची, असं मर्लच्या चरित्रकारांनी लिहिलंय. १९३७ मध्ये शार्लट गेली. पुढे १९४९ मध्ये मर्लने जुन्या फोटोवरून तिचं चित्र काढून घेतलं आणि चित्रकाराला सांगून तिचा रंग उजळ करून घेतला. ते चित्र तिने घरात लावलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तिचा भयंकर राग आला होता. पण त्या काळात हिंदुस्थानी वंशाच्या माणसाला अमेरिकेचं नागरिकत्वच मिळत नसे, तो कायदा १९४६ मध्ये बदलला. गोऱ्या-काळ्यांचं प्रेम पडद्यावर दाखवायलाही बंदी होती. खरं बोलली असती तर तिच्या वाट्याला नायिकेचं एकही काम आलं नसतं. आणि रंगाचं म्हणाल तर आपल्याकडे स्थळाच्या जाहिरातीत गोरी हा शब्द अजून पहिल्या ओळीत असतो, तेव्हा तिला नावं ठेवायला आपण कुठल्या तोंडाने जाणार?

सिनेमांकडे वळते. 'द डार्क एंजल' (१९३५) बघाच. युद्धात आंधळा झालेला नायक, आपलं ओझं नको म्हणून प्रेयसीपासून लपून राहतो. ती भेटायला येणार कळल्यावर खोलीतल्या खुर्च्या-टेबलांच्या जागा पाठ करून तो डोळस असल्याचं नाटक करतो. त्या प्रसंगात आमच्या घरी कुणाचे डोळे कोरडे राहिले नाहीत. या सिनेमासाठी मर्लला ऑस्करचं नामांकन मिळालं. सर्वोत्तम अभिनेत्रीच्या नामांकनात आलेली आशियाई वंशाची ती पहिलीच, पण तेव्हा कुणाला पत्ताच नव्हता! २०२३ मध्ये मिशेल यो यांना ते पारितोषिक मिळालं तेव्हा मर्लचं नाव पुन्हा निघालं.

'दीज थ्री' (१९३६) मध्ये दोन मैत्रिणी मुलींची शाळा काढतात. एक लाडावलेली विद्यार्थिनी खोटंच काहीतरी सांगते, तिची आजी ते गावभर करते आणि बघता बघता शाळा ओस पडते. छोट्या गावात राहणाऱ्या बाईला हा सिनेमा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

'वदरिंग हाइट्स' (१९३९) तिचा सगळ्यांत गाजलेला. दिलीपकुमार-वहिदाचा 'दिल दिया दर्द लिया' ज्यांनी पाहिलाय त्यांना गोष्ट ओळखीची वाटेल, दोन्हींचं मूळ एकच कादंबरी. गंमत बघा, कादंबरीतला नायक सावळा आहे. सिनेमात त्याचं काम केलं गोऱ्यापान लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी, आणि खरी मिश्र वंशाची मर्ल झाली गोरी नायिका.

'दॅट अनसर्टन फीलिंग' (१९४१) ही हलकीफुलकी कॉमेडी. नवरा सदानकदा विम्याच्या धंद्यात गुंतलेला आणि बायकोला लागते उचकी, काही केल्या थांबतच नाही. उचकीवरचा आपल्याकडचा प्रत्येक उपाय आमच्या गटाने पडद्याकडे बघत ओरडून सांगितला!

रहस्य आवडत असेल तर 'द लॉजर' (१९४४). धुक्यातलं लंडन, खून आणि एक विचित्र भाडेकरू. रात्री एकटीने बघू नका. १९३७ च्या मोटार अपघाताच्या खुणा मर्लच्या चेहऱ्यावर होत्या. त्या दिसू नयेत म्हणून छायाचित्रकार लुसियन बॅलार्ड यांनी कॅमेऱ्याजवळ बसवायचा एक खास दिवा तयार केला. तिच्या नावावरून त्याला ओबी म्हणतात. पुढे १९४५ मध्ये तिने त्यांच्याशीच लग्न केलं. कोर्डांशी झालेलं लग्न तोवर मोडलं होतं.

१९७८ मध्ये टास्मानियातल्या होबार्ट शहराने आपली लेक समजून तिच्यासाठी स्वागत समारंभ ठेवला. तिथे जाऊन ती त्या लोकांसमोर उभी राहिली. पुढच्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ ला ती गेली. तिच्या मुंबईतल्या जन्माची गोष्ट १९८३ मध्ये आलेल्या चरित्राने उघड केली.

सुरुवात उचकीवाल्या सिनेमाने करा, म्हणजे जुन्या इंग्रजीला कान सरावतील. खाली अक्षरं येण्याची सोय असली तर ती लावा, निम्मं काम सोपं होतं. रंगीतच हवा असा मुलांचा हट्ट असेल तर 'अ साँग टू रिमेंबर' (१९४५) आहे. संगीतकार शोपँची गोष्ट, त्यात पुरुषी नाव घेऊन लिहिणारी, पँट घालून फिरणारी लेखिका जॉर्ज सँड मर्लने केलीय. इतिहास म्हणून त्यावर विसंबू नका, पियानो मात्र जरा आवाज वाढवून ऐका.