विश्लेषण : अंगणवाडीच्याही आधी सेविका… ताराबाई मोडक यांनी नेमके काय उभे केले?

मुरबाड, शहापूरच्या कोणत्याही पाड्यात सरकारचा रोज भेटणारा चेहरा म्हणजे अंगणवाडी सेविका. तिच्या कामाची मुळे याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, गुजरातच्या सीमेवरच्या बोर्डी गावात आहेत. (डहाणू तालुक्यातले बोर्डी १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेले.) तिथे १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांची ओळख बालशिक्षणतज्ज्ञ अशी सांगितली जाते. ती खरी असली तरी अपुरी आहे. मुलांसाठी शाळा काढणारे पुष्कळ होते. ताराबाईंनी त्या शाळा चालवणारी माणसे तयार केली.

ताराबाई बोर्डीला पोहोचल्या कशा?

जन्म १८९२ चा, मुंबईतला. माहेरचे आडनाव केळकर, घर प्रार्थना समाजाच्या वळणाचे. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झालेला विवाह टिकला नाही आणि १९२१ नंतर त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्या होत्या. म्हणजे सुरुवातच शिक्षिका घडवण्याच्या संस्थेत झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्या गेल्या आणि १९२६ मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. मुंबईला परतल्यावर १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. तिथे बालमंदिराच्या जोडीला शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचे वर्गही होते.

शहरातले काम नीट चालले होते. तरीही वयाच्या पन्नाशीनंतर त्या खेड्यात गेल्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने आणि फी भरणारे पालक यांच्यापलीकडे हे शिक्षण जाणार नसेल तर त्याचा उपयोग किती, हा प्रश्न होता.

बोर्डीत वेगळे काय घडले?

पहिली गोष्ट म्हणजे ताराबाई एकट्या नव्हत्या. बोर्डीत गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा होती, आचार्य भिसे यांचे आदिवासींमधले काम आधीपासून होते. कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरातून अनुताई वाघ आल्या. बालविधवा, पेशाने शिक्षिका. आल्या त्या कायमच्या.

दुसरी गोष्ट अपयशातून शिकलेली. गावातली बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली मुले तिथे येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने ही साधने. आधी मुलांना अंघोळ, वेणीफणी, मग गाणी आणि खेळ. इमारत लागत नव्हती. मात्र हे सगळे करू शकणारी बाई लागत होती, आणि ती बाहेरून आणून भागत नाही. त्यामुळे कामाचा भर गावपातळीवरच्या कार्यकर्त्या शिकवून तयार करण्यावर राहिला.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत हलले. तिथली मोठी मुले दिवसभर गुरांमागे. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरतात तिथेच शिक्षक जाई. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणणारी विकासवाडीही इथलीच. धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरलीची शाळा बुडू नये, इतका साधा हिशेब त्यामागे होता.

धोरणापर्यंत हे कसे गेले?

ताराबाई १९४६ ते १९५१ मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. सरकारच्या शिक्षणविषयक समित्यांवर त्यांनी काम केले, ‘शिक्षणपत्रिका’ चालवली. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्राचे नाव अंगणवाडी पडले.

नाव आले, अंगणही आले. काम मात्र बदलले. या योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, आरोग्य-आहार शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा आहेत. ताराबाईंचा जीव ज्यात होता ते शिक्षण त्यांतले एक. शिवाय सेविका मानधनावर, म्हणजे कागदोपत्री मानसेवी. केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून तिचे मानधन महिना साडेचार हजार रुपये केले. राज्य त्यात आपली भर घालते. गुजरातमधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी अंगणवाडी सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निकाल दिला. महाराष्ट्रातल्या सेविका ४ डिसेंबर २०२३ पासून मानधनवाढ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीसाठी संपावर होत्या.

मुरबाड-शहापूरला याचे काय?

दिवाळी झाली की इथली अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, सोबत लहान मुलेही. अंगणवाडी पाड्यात, मूल भट्टीवर. कोसबाडला शाळा गुरांमागे गेली होती. इथे भट्टीवर जायचे कोणी? पाड्यातल्या सेविकेकडे उरलेली मुले, पोषण आहार, मोबाइलवरच्या नोंदी आणि गरोदर मातांच्या भेटी असतात. तिच्या जोडीला प्रशिक्षित दुसरी बाई बहुतेक ठिकाणी नाही. मदतनीस असते, तिचे मानधन सेविकेहून कमी.