मीराबेनची झोपडी

इंग्लंडच्या आरमारातील एका बड्या अधिकाऱ्याची मॅडेलिन स्लेड ही कन्या. तिचा जन्म १८९२ साली झाला. घोडे, झाडे आणि बीथोव्हेनचे संगीत यांचे तिला वेड होते. संगीताच्या ओढीनेच ती रोमां रोलां या फ्रेंच साहित्यिकाकडे गेली आणि तेथे तिला गांधीजींची माहिती मिळाली. मग वर्षभर जमिनीवर निजण्याचा, सूत कातण्याचा व शाकाहाराचा सराव करून १९२५ च्या नोव्हेंबरात ती साबरमतीस दाखल झाली. गांधीजींनी तिचे नाव मीरा ठेविले.

पुढे गांधीजी वर्ध्यास आले. वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवर सेगाव नावाचे खेडे होते. वस्ती गरिबांची, मलेरियाने पछाडलेली. तेथे मीराबेन राहू लागल्या. १९३६ मध्ये गांधीजींनीही तेथेच राहण्याचे ठरविले आणि घर बांधण्याचे काम मीराबेनवर सोपविले. मात्र खर्च बेताचा असावा, आणि साहित्य व कारागीर आसपासच्या गावांतलेच असावेत, अशी त्यांची अट होती.

वास्तुशास्त्राचे शिक्षण मीराबेननी घेतलेले नव्हते. पण खेडुतांची घरे त्यांनी डोळसपणे पाहिली होती. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू एवढ्यांतच काम भागवायचे होते. वर्ध्याचा उन्हाळा अंग भाजून काढणारा. जाड मातीची भिंत सावकाश तापते, त्यामुळे दुपारी आत गारवा राहतो. परंतु पावसाने तीच माती विरघळते. म्हणून छप्पर भिंतीबाहेर पुरेसे काढावे लागते. कवेलू गावचा कुंभार भाजतो, बांबू जवळच मिळतो. घर पडले तरी त्यातले बहुतेक सारे पुन्हा मातीत मिसळते. सिमेंटच्या घराला हे साधत नाही.

ते पहिले घर म्हणजे आदिनिवास. थोड्याच काळात तेथे माणसांची इतकी दाटी झाली की गांधीजींना निवांतपणा मिळेना. मीराबेननी स्वतःसाठी एक झोपडी बांधली होती. तिच्या भिंतींवर त्यांनी ताडाची झाडे व चरखा अशी चित्रे मातीनेच उठावात काढली होती. हौसेने उभारलेले हे घर त्यांनी गांधीजींना दिले. तीच आजची बापूकुटी. स्वातंत्र्यलढ्यातील कितीतरी मसलती तेथे चटईवर बसून झाल्या. दुसऱ्या शेगावच्या नावाशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाई, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले.

१९४२ च्या लढ्यात मीराबेनना पुण्याच्या आगाखान महालात बंदिवास घडला. सुटकेनंतर काही काळाने त्या हिमालयाच्या पायथ्याशी राहिल्या. तेथील बांज वृक्षांची जंगले हटून चीड माजत आहे, त्यामुळे पाणी जमिनीत न मुरता पूर येतात, हे त्यांनी १९५० नंतरच्या दशकात लिहून सरकारच्या कानी घातले. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

१९५९ मध्ये त्यांनी भारत सोडला. १९८२ साली ऑस्ट्रियात त्यांचे निधन झाले. सेवाग्रामची ती झोपडी अजून उभी आहे आणि भिंतींवरची ताडाची झाडेही तेथे पाहावयास मिळतात.